नमुना

शुक्रवारी रात्री बाराला नवी गाणी येतात.
मी तेव्हा धंतोलीत, लॅबमध्ये,
सेंट्रिफ्यूजचं झाकण लावून बसलेली असते,
एका कानात इअरफोन,
दुसरा कान मशीनसाठी मोकळा.

मोठ्या नावांची गाणी मी सोडून देते,
ती सकाळी ऑटोवालेही ऐकवतील.
मी खाली खाली उतरते,
जिथे ऐकणारे सदतीस, एकोणीस, सात,
जिथे फोटोत चुकून कुणाचा तरी अंगठा आलेला असतो.
बहुतेक वेळा गाणं वाईटच निघतं.
असू दे. पुढचं.

मेमध्ये, पारा शेहेचाळीसला टेकला त्या आठवड्यात,
'टुल्लू' नावाचं कुणीतरी सापडलं.
तबला नव्हता, कूलर होता.
वाळ्याच्या ताटीतून पाणी गळत होतं सात मात्रांत,
पंख्याचं एक पातं जाळीला घासायचं, नेमकं समेवर,
आणि एक बाई इतकं हळू गात होती
जसं शेजारी कुणी निजलंय.
मधेच लांबून हाक:
'उत्पला वं, मोटर बंद कर, टाकी भरून वाहून राहिली!'
ती तिनं कापली नव्हती.
गाणं थांबलं, चपला वाजल्या, मोटर बंद झाली.
मग तेच गाणं, अर्धा सूर वर.

मी ते तेवीस वेळा ऐकलं.
खाली लिहिलं होतं:
शब्द, आवाज, मोबाईल – उत्पला लांजेवार.
कूलर – बाबांचा. मोटर – आई.
फोटो नाही, गाव नाही.
पण 'वाहून राहिली' म्हणणारं गाव
मला नकाशात शोधावं लागत नाही.

जूनमध्ये, सकाळी साडेसहाला, शिफ्ट संपता संपता
उपाशीपोटी आलेल्यांची रांग.
मी चेहरे पाहत नाही, शिरा पाहते.
मूठ आवळा. टोचेल थोडं. आता सोडा.
वीस-बावीस हात.
मग नळ्या स्टँडमध्ये लावताना चौथीवर:
लांजेवार उत्पला, ३१, स्त्री.
धावत बाहेर गेले.
बाकावर बाटलीचं निळं झाकण होतं फक्त.

हिमोग्लोबिन सहा पूर्णांक नऊ.
पुन्हा लावून पाहिलं. सहा पूर्णांक नऊ.
एवढ्यावर माणूस एक जिना चढताना दोनदा बसतो,
आणि ही बाई अख्खा अंतरा एका श्वासात घेते.

दुसऱ्या दिवशी कागद न्यायला आई आली.
चेहरा अनोळखी. मग बोलली,
'झाला काय वं बाई, आमचा रिपोर्ट?'
आणि मला मोटर बंद झाल्यासारखं ऐकू आलं.
म्हणावंसं वाटलं, मावशी, त्या गाण्यात
तुमच्याइतकं वेळेवर कुणीच येत नाही.
भिंतीवर पाटी आहे, रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी.
गाण्याचं काय करावं, ते तिच्यावर नाही.
मी एवढंच म्हणाले, आजच डॉक्टरांना दाखवा.
'दाखवतो नं बाप्पा,' म्हणाली,
आणि पाकीट संत्र्यांच्या पिशवीत खुपसलं.

मग कितीतरी शुक्रवार काहीच नाही.
जुन्या गाण्याचे ऐकणारे सातावरून साठावर गेले,
त्यातले पन्नास मीच.
गल्लीतले कूलर निघाले, ताडपत्रीत बांधून गच्चीवर चढले.

ऑक्टोबरात, बारा वाजून चार मिनिटांनी:
टुल्लू. एक मिनिट अकरा सेकंद. नाव, 'मूठ'.
बाकाची करकर, कुणाचा खोकला, काचेची किणकिण,
आणि त्यावर फिरून फिरून एक कंटाळलेली बाई:
मूठ आवळा. टोचेल थोडं. आता सोडा.
आता सोडा.
आता सोडा.
तिसऱ्या 'सोडा'चा 'डा' धरून उत्पला वर जाते,
मधे दोनदा श्वास घेते, लपवत नाही.

मी इतकं कोरडं बोलते?
मला कुणी कधी सांगितलं नाही.

खाली लिहिलंय:
शब्द – धंतोलीच्या लॅबमधल्या ताई,
नाव विचारायचं राहिलं.
ऐकणारे – एक.

मशीन शिट्टी मारत होतं.
मारू दिली.